बॅटरी आहे, पण पहारा कोणाचा?

दुकानात संगणक आला की त्याच्या शेजारी यूपीएसचा काळा डबाही येतो. डबा आला म्हणजे विजेची काळजी मिटली, असे पुष्कळ व्यापारी समजतात. आम्हीही तसेच समजत होतो. त्या समजुतीपायी आमचे काय झाले ते आधी सांगतो आणि मग उपायाकडे वळतो. उपाय फुकटातला आहे, पण एक दिवस नेटाने बसावे लागते.

धाराशिवच्या बाजारात आमचे कापडाचे दुकान आहे. २०२३ च्या एप्रिल महिन्यात, रमजानच्या शेवटच्या आठवड्याच्या तोंडावर, शनिवारी संध्याकाळी वळवाचा वारा सुटला आणि वीज गेली. दुकानातले दिवे आणि पंखे इन्व्हर्टरवर असल्यामुळे वीज गेल्याचे कोणाच्या ध्यानातही आले नाही. संगणक मात्र कोपऱ्यात, आपल्या छोट्या यूपीएसवर चालत होता. यूपीएस टूं-टूं करून ओरडत राहिला. इफ्तारची गडबड, गिऱ्हाइकांची वर्दळ आणि रस्त्यावरचा गोंगाट यात ती शिटी कोण ऐकणार? बॅटरी संपली आणि पडदा काळा झाला. त्याच क्षणी संगणक दिवसभराच्या नोंदी लिहीत होता. वीज आल्यावर हिशेबाची फाईल उघडेना.

गुरुवारी रात्री काढलेली नक्कल आमच्याजवळ होती. शुक्रवार आणि शनिवारची विक्री बिलबुकावरून पुन्हा चढवली. उधारीच्या वसुलीच्या नोंदी मात्र आम्ही थेट संगणकात करत होतो, पावती देत नव्हतो. त्या गेल्या त्या गेल्याच. पुढच्या आठवड्यात शिवणकाम करणाऱ्या एक वृद्ध खाला अस्तराचे कापड घ्यायला आल्या. पडद्यावर त्यांच्या नावे सहाशे रुपये बाकी दिसत होती. आम्ही ती मागितली. त्या म्हणाल्या, "भाई, जुम्म्याला तुमच्याच हातात दिले ना मी." त्यांनी खरोखरच दिले होते. आमच्या मुलाला ते आठवले म्हणून बरे झाले. ज्यांचे कोणाला आठवले नाही, त्यांच्याकडे आम्ही दुसऱ्यांदा पैसे मागितले असतील काय, या विचाराने आजही मन खाते. रक्कम लहान होती, पण बाजारात व्यापारी रकमेवर उभा नसतो, तो शब्दावर उभा असतो.

चूक कुठे झाली?

बॅटरीने आपले काम चोख केले होते. वीज गेल्यावर तिने संगणकाला काही मिनिटे मिळवून दिली, पण त्या मिनिटांचा उपयोग कोणीच केला नाही. "वीज गेली आहे, माझ्यात थोडीच ताकद उरली आहे, आता वही मिट" असा निरोप यूपीएसकडून संगणकाकडे जायला हवा होता. त्या दोघांत बोलणेच नव्हते. या लेखातून वाचकांनी एवढे एकच ध्यानात ठेवावे की बॅटरी फक्त वेळ देते. हिशेब वाचतो तो त्या वेळात संगणक रीतसर बंद झाला तरच.

संगणक चालू असताना बरीचशी माहिती तात्पुरत्या स्मरणात असते आणि थोड्या थोड्या वेळाने डिस्कवर उतरते. वीज अचानक गेली की लिहायची राहिलेली माहिती जाते आणि अर्धवट लिहिलेली बिघडू शकते. आमचा संगणक लिनक्सवर चालतो. या प्रणालीची फाईलपद्धती स्वतःची एक रोजनामची ठेवते. त्यामुळे अशा धक्क्यानंतर फाईलींची मांडणी सहसा सावरली जाते. पण मांडणी सावरली म्हणजे आतला मजकूर पुरा आहे असे होत नाही. कपाट शाबूत आणि वहीचे पान अर्धे, अशातली ती गत.

काही जण विचारतील की संगणकही इन्व्हर्टरवरच का नको? घरगुती इन्व्हर्टर वीज गेल्यावर बॅटरीकडे वळायला किंचित जास्त वेळ घेतो. दिवा लुकलुकतो एवढेच, पण संगणक बंद पडून पुन्हा सुरू होऊ शकतो. काही इन्व्हर्टरना यूपीएससारखे चालण्याचे बटण असते आणि त्याने ही अडचण कमी होते. तरीही साधा इन्व्हर्टर आपली बॅटरी किती उरली हे संगणकाला कळवत नाही. तासभर जास्त मिळेल, पण शेवट तोच.

मिनिटांचा हिशेब

६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये बहुधा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची बॅटरी असते. दोन्हींचा गुणाकार ८४ वॅट-तास. संगणक, पडदा आणि इंटरनेटचा डबा मिळून १०० वॅट घेत असतील तर कागदावर पन्नास मिनिटे येतात. हा हिशेब फसवा आहे. ७ अँपिअर-तास हा आकडा बॅटरी वीस तासांत सावकाश रिकामी केली तर मिळणारा आहे. शिशाच्या बॅटरीतून भराभर वीज ओढली की तिची एकूण पुंजीच कमी भरते. शिवाय डब्यात काही वीज उष्णतेत जाते. नव्या बॅटरीवर वीस मिनिटे मिळाली तरी समाधान मानावे.

त्यात आपल्याकडचा उन्हाळा. अशा बॅटरीचे तीन ते पाच वर्षांचे आयुष्य वीस-पंचवीस अंश उष्णतेत धरलेले असते. उष्णता दहा अंशांनी वाढली की आयुष्य साधारण निम्मे होते, असा या धंद्यातला ढोबळ नियम आहे. एप्रिल-मे महिन्यात पत्र्याखालच्या दुकानात डबा तापत असेल तर दोन वर्षांतच बॅटरी थकते, आणि वीस मिनिटांची चार मिनिटे होतात. वळवाचा वाराही त्याच दिवसांत येतो.

जुन्या वाचकांना २००५ साल आठवत असेल. त्या वर्षी राज्य वीज मंडळाचे विभाजन होऊन महावितरण कंपनी आली, आणि त्या सुमाराची वर्षे भारनियमनात गेली. भारनियमन त्रासाचे खरे, पण त्याला वेळापत्रक होते आणि माणूस आधीच संगणक बंद करून बसे. वाऱ्याने तार तुटली तर ती सांगून तुटत नाही. म्हणून पहारेकरी लागतो.

डबा विकत घेताना

यूपीएसच्या पाठीमागे संगणकाशी बोलणारे यूएसबी तोंड आहे की नाही, हे सर्वांत आधी पाहावे. ते बहुधा छपाईयंत्राला असते तसे चौकोनी असते. स्वस्तातल्या कित्येक डब्यांना ते नसतेच, आणि ते नसेल तर पुढचे काहीही होणार नाही. काही डब्यांवर मोबाइल चार्ज करण्यासाठी यूएसबी तोंड असते किंवा टेलिफोनच्या तारेला संरक्षण देणारे तोंड असते. ती वेगळी. दुकानदाराला सरळ विचारावे, "याने संगणक आपोआप बंद करता येतो काय?" तार सोबत मिळते का, हेही विचारून घ्यावे. ज्यांचा सारा कारभार लॅपटॉपवर आहे त्यांना याची गरज नाही. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते आणि ती किती उरली हे त्याला कळते. विंडोजवाल्यांनाही पुष्कळदा निराळे काही घालावे लागत नाही. तार जोडल्यावर विंडोज अशा यूपीएसला बॅटरी म्हणून ओळखते आणि किती उरल्यावर काय करायचे ते त्याच्या वीज-व्यवस्थेत ठरवता येते. पुढचा भाग लिनक्स वापरणाऱ्यांसाठी आहे.

दुभाषी, मुनीम आणि चौकीदार

या कामाची प्रणाली नेटवर्क यूपीएस टूल्स या नावाची आहे, थोडक्यात 'नट'. रसेल क्रोल यांनी १९९० च्या दशकात तिची सुरुवात केली. आज जगभरचे स्वयंसेवक ती सांभाळतात आणि तिला दाम नाही. केवळ एपीसी कंपनीच्या डब्यांसाठी 'एपीसीयूपीएसडी' नावाची दुसरी प्रणालीही आहे. नट मात्र अनेक कंपन्यांच्या डब्यांशी बोलते.

तिच्यात तीन नोकर आहेत असे समजावे. पहिला दुभाषी, म्हणजे ड्रायव्हर. तो डब्याची बोली समजून घेतो. दुसरा मुनीम, त्याचे नाव यूपीएसडी. दुभाष्याने आणलेली खबर तो मांडून ठेवतो आणि विचारील त्याला सांगतो. तिसरा चौकीदार, त्याचे नाव यूपीएसमॉन. तो मुनिमाला सतत विचारत राहतो, आणि वेळ आली की संगणक रीतसर बंद करण्याचा हुकूम देतो. आमच्या दुकानात त्या शनिवारी हा चौकीदारच नव्हता.

बसवण्याची रीत

खालील हुकूम आणि फाईलींची नावे देवनागरीत दिली आहेत. संगणकावर ती रोमन लिपीत टंकावीत. आमचे शिक्षण उर्दू माध्यमातले, इंग्रजी कामापुरतीच. तरीही एका दिवसात हे जमले. घरातले कॉलेजात जाणारे मूल शेजारी बसवून घेतल्यास लवकर होते.

पहिले काम. तार जोडून 'एलएसयूएसबी' हा हुकूम द्यावा. जोडलेल्या वस्तूंच्या यादीत यूपीएस दिसला पाहिजे. न दिसल्यास तार बदलून पाहावी. मग डेबियन किंवा उबुंटू असेल तर 'सुडो एपीटी इन्स्टॉल नट' या हुकमाने प्रणाली उतरवून घ्यावी. 'सुडो नट-स्कॅनर' हा हुकूम दिल्यास कोणता दुभाषी लागेल हे बहुधा संगणकच सांगतो.

दुसरे काम फाईलींचे. 'ईटीसी' फोल्डरातल्या 'नट' फोल्डरात त्या असतात.

'नट डॉट कॉन्फ' या फाईलीत मोड हा शब्द, बरोबरचे चिन्ह आणि स्टँडअलोन हा शब्द लिहावा. मोड मोठ्या अक्षरांत, स्टँडअलोन लहान. बरोबरच्या चिन्हाच्या आजूबाजूला जागा सोडू नये. आम्ही सोडली होती आणि त्यात अर्धा तास गेला.

'यूपीएस डॉट कॉन्फ' मध्ये आपल्या डब्याला चौकोनी कंसात एक नाव द्यावे, जसे दुकान. खालच्या ओळीत ड्रायव्हर बरोबर 'यूएसबीएचआयडी-यूपीएस', आणि त्याखाली पोर्ट बरोबर ऑटो. मोठ्या कंपन्यांचे पुष्कळ डबे या दुभाष्याने चालतात. काही स्वस्त डब्यांची बोली वेगळी असते. त्यांच्यासाठी 'नटडीआरव्ही' मग खालची रेघ मग 'क्यूएक्स' हा दुभाषी आहे.

'यूपीएसडी डॉट यूजर्स' मध्ये चौकीदाराचे नाव चौकोनी कंसात, खाली त्याचा पासवर्ड, आणि त्याखाली 'यूपीएसमॉन प्रायमरी' असे लिहावे. पासवर्ड असल्यामुळे ही फाईल इतरांना वाचता येणार नाही अशी ठेवावी.

'यूपीएसमॉन डॉट कॉन्फ' मध्ये एका ओळीत मॉनिटर हा शब्द मोठ्या अक्षरांत, मग दुकान ॲट लोकलहोस्ट, मग १ हा आकडा, मग चौकीदाराचे नाव, पासवर्ड आणि प्रायमरी. याच फाईलीत 'शटडाउनसीएमडी' नावाची ओळ असते. संगणक बंद करण्याचा हुकूम तिच्यात असतो, तो तपासून घ्यावा. २०२२ साली आलेल्या २.८ आवृत्तीपूर्वी प्रायमरीच्या जागी मास्टर हा शब्द होता. जुनी आवृत्ती असल्यास तोच लिहावा.

मग संगणक एकदा बंद करून पुन्हा चालू करावा आणि 'यूपीएससी दुकान' हा हुकूम द्यावा. पडद्यावर यादी येते. तिच्यात 'बॅटरी डॉट चार्ज' पुढे बॅटरी किती टक्के भरली ते असते. 'बॅटरी डॉट रनटाइम' पुढे उरलेला वेळ असतो. तो सेकंदांत आहे हे विसरू नये, ६०० म्हणजे दहा मिनिटे. 'यूपीएस डॉट स्टेटस' पुढे ओएल असेल तर वीज आहे, ओबी असेल तर बॅटरीवर चालले आहे, आणि सोबत एलबी आले तर बॅटरी संपत आली आहे. ओबी आणि एलबी एकत्र दिसले की चौकीदार संगणक बंद करतो. दुभाष्याला डबा उघडता येत नाही अशी तक्रार दिसल्यास यूएसबी तार काढून पुन्हा घालावी. पुष्कळदा एवढ्याने काम होते.

थकलेल्या बॅटरीवर विसंबू नये

स्वस्त डबे 'एलबी'ची खबर उशिरा देतात आणि थकलेली बॅटरी एकदम कोसळते. काही डबे टक्के आणि उरलेला वेळ सांगतच नाहीत. म्हणून आम्ही शेवटच्या निरोपाची वाट पाहत नाही. वीज जाऊन दोन मिनिटे झाली आणि आली नाही, की संगणक बंद. यासाठी नटमध्येच 'यूपीएसशेड' नावाचा घड्याळवाला आहे. चौकीदाराच्या फाईलीत 'नोटिफायसीएमडी' म्हणून त्याचे नाव द्यावे, आणि वीज गेली व वीज आली या दोन खबरा त्याला पोचतील अशी 'नोटिफायफ्लॅग'ची ओळ प्रत्येकीसाठी घालावी. घड्याळवाल्याच्या स्वतःच्या फाईलीत वीज गेली तर १२० सेकंदांचे घड्याळ लाव आणि आली तर ते रद्द कर, अशा दोन ओळी लागतात. घड्याळ पुरे झाल्यावर एक छोटी स्क्रिप्ट चालते आणि ती 'यूपीएसमॉन' मग आडवी रेघ 'सी' मग 'एफएसडी' हा हुकूम देते. त्याने संगणक बंद होण्यास सुरुवात होते. नमुन्याची फाईल आणि नमुन्याची स्क्रिप्ट प्रणालीसोबतच येतात, त्यातच फेरफार करावेत.

परीक्षा घेतल्याशिवाय भरवसा नाही

आगीची बादली भरलेली आहे की नाही, हे आग लागल्यावर पाहायचे नसते. दुकान बंद झाल्यावर, हिशेबाची नक्कल काढून आणि हिशेबाचे सर्व काम मिटवून परीक्षा घ्यावी. यूपीएसचा प्लग भिंतीतून उपटू नये, कारण त्याने अर्थिंगही तुटते. भिंतीवरचे बटण बंद करावे. शिटी वाजेल, दोन मिनिटे जातील आणि संगणक आपणहून बंद होईल. किती मिनिटांत काय झाले ते कागदावर लिहून ठेवावे. आम्ही अशी परीक्षा दर तीन महिन्यांनी घेतो, आणि एक मार्चअखेरीस ठेवतोच. बॅटरी थकली असेल तर ती वळवाच्या आधी कळलेली बरी.

आणखी चार गोष्टी अनुभवाच्या. लेझर छपाईयंत्र यूपीएसवर लावू नये. ते क्षणभर एवढी वीज ओढते की छोटा डबा कोलमडतो. शिलाईयंत्र, इस्त्री आणि पंखाही लावू नये. एकाच डब्यावर दोन संगणक असतील तर पहिल्याला 'नेटसर्व्हर' आणि दुसऱ्याला 'नेटक्लायंट' हा मोड द्यावा. मुनीम जाळ्यावरून ऐकेल असेही त्याच्या 'यूपीएसडी डॉट कॉन्फ' फाईलीत सांगावे लागते. आधी दुसरा बंद होतो, मग पहिला. पण दोघांना जोडणारा नेटवर्कचा डबाही यूपीएसवरच असला पाहिजे, नाहीतर वीज जाताच निरोपाची वाटच बंद होते. चौथी गोष्ट अशी की बंद झालेला संगणक वीज आल्यावर आपोआप सुरू होईलच असे नाही. गल्ल्यावर माणूस असतो तिथे बटण दाबले की झाले. जिथे माणूस नसतो त्या गोदामात मात्र संगणकाच्या मूळ व्यवस्थेत वीज आल्यावर सुरू व्हावे असे ठरवावे लागते, आणि संगणक मिटल्यानंतर यूपीएसनेही आपली वीज तोडावी अशी तजवीज नटमध्ये करावी लागते.

चौकीदाराच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. पडद्यावर अर्धवट टंकलेले बिल तो वाचवत नाही, जतन केलेले तेवढेच वाचते. डिस्क बिघडली किंवा संगणक चोरीस गेला तर तो काय करणार? म्हणून रोज रात्री नक्कल काढून ती घरी न्यावी. आणि वसुलीची पावती कागदावर द्यावी. हा शेवटचा नियम आमच्या वडिलांचा होता. संगणक आला म्हणून आम्हीच तो सोडला होता.

आज आमच्या गल्ल्यावर पावतीपुस्तक आहे आणि संगणकात चौकीदार आहे. यंदाही वारा सुटला, वीज गेली आणि दोन मिनिटांनी पडदा आपणहून मिटला. वीज आल्यावर पहिल्यांदा उधारीचे खाते उघडून पाहिले. शेवटची नोंद जिथल्या तिथे होती. गिऱ्हाइकाने विश्वासाने हातात दिलेला पैसा ही आपल्याकडची अमानत आहे, आणि त्याची नोंद हीसुद्धा अमानतच. ज्या बांधवांच्या दुकानात यूपीएस आहे त्यांनी आज दुकान बंद करण्यापूर्वी त्याच्या पाठीमागे एकदा वाकून पाहावे. ते चौकोनी तोंड असेल तर अर्धे काम झालेलेच आहे.